यंदा सगळे आमच्याकडे

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा नुसते "बरं" म्हणाले असते आणि आई गप्प झाली असती, म्हणून लिहिते आहे. यंदा सुट्टीत सगळे जमणार आहेत ते आमच्याकडे. दादाशी, ताईशी, आत्याकडच्यांशी, नानांशी बोलून झालं आहे आणि सगळ्यांनी तशी तयारीही सुरू केली आहे. तुम्हाला हे सगळ्यांच्या शेवटी कळतंय, तेही मुद्दाम. आधी कळलं असतं तर आईने दुसऱ्या दिवशीच गाद्या उन्हात घातल्या असत्या आणि मग तिला नाही म्हणायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नसती.

घर तुमचंच मोठं आहे, अंगण तुमच्याकडेच आहे आणि मुलांना तिथेच मोकळं वाटतं, हे सगळं मला मान्य आहे. पण आई, एवढी माणसं घरात असली की तू त्यांच्यात नसतेस. सगळे बाहेरच्या खोलीत हसत असतात आणि तू आतून विचारतेस, "काय झालं रे?" आणि तोवर विषय बदललेला असतो. बाबा वरच्या खोलीतून गाद्या खाली आणतात आणि कुणी हात लावला तर रागावतात. आत्याच्या वॉकरचाही प्रश्न आहे. वॉकर साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो आणि तुमच्या न्हाणीघराचं दारही जवळपास तेवढंच. म्हणजे तिला दाराशी वॉकर सोडून भिंतीला धरत आत जावं लागतं, आणि ओली फरशी, आधार नाही, दोन्ही हात भिंतीवर, पडायला हीच जागा सगळ्यांत सोपी. नाना पायऱ्या चढले तरी उतरताना त्यांचा गुडघा साथ देत नाही. आमच्याकडे सगळं एका मजल्यावर आहे आणि दारं ८० सेंटिमीटरची आहेत. तुमचं घर आवडेनासं झालंय म्हणून हे ठरवलं, असं चुकूनही मनात आणू नका. त्या घरात तुम्ही दोघंच असताना आम्ही एकेक करून येत राहूच, आणि तेव्हा आईने काय करायचं ते आईच ठरवेल.

आता तुमच्या झोपायचं. मागची खोली तुमची, तिथे आणखी कुणीही नाही, मुलांची बॅगसुद्धा नाही. पलंगाची उंची गादीसकट ५० सेंटिमीटर करून घेतली आहे. काठावर बसल्यावर पावलं पूर्ण टेकायला हवीत आणि गुडघे कमरेपेक्षा वर येता कामा नयेत, नाहीतर उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. आईचे गुडघे लक्षात घेऊन मी तो किंचित उंचच ठेवला आहे. हाताची खुर्चीही खोलीत आहे, बसकेचा फोम दबणारा नाही. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर दोन छोटे दिवे जमिनीलगत लावलेत, ते रात्रभर चालू राहतील, कुणी बंद करू नयेत. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोहोचतो, त्यामुळे "मला दिसतं सगळं" हे बाबांचं म्हणणं मी ऐकणार नाही. वाटेतला गालिचा काढला आहे. संडासात आणि नळापाशी दोन्हीकडे भिंतीत पक्के बसवलेले धरायचे दांडे आहेत. टॉवेल अडकवायच्या दांड्याला मात्र धरू नका, तो माणसाचा भार घेत नाही.

दुपारी तुमची झोपेची वेळ तीच राहील. दार लोटून घ्या, तुम्हाला उठवायला कुणी येणार नाही. बाबांचा रेडिओ आणा. आईचं पांघरूण आणा, ते जुनं निळंच. आमच्याकडे चांगली आहेत, पण नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागायला आपलं काहीतरी अंगावर लागतं. मला लहानपणी काय ओढून घ्यायची सवय होती, ते दोघांनाही आठवत असेल.

बैठक मी यंदा वेगळी लावणार आहे, आणि ती बाबांसाठी. गेल्या खेपेला बाबा सगळ्यांत बसले होते आणि हसणाऱ्यांकडे बघून हसत होते. त्यांना काय कळत होतं आणि काय नाही, ते मला दिसत होतं. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. म्हणजे स्वर ऐकू येतात पण स, श, फ, थ, ख ही अक्षरं गळतात. म्हणून "ऐकू येतं, पण कळत नाही". त्यावर ओरडून काही होत नाही, उलट शब्द आणखी फाटतात. समोर बसून, चेहरा उजेडात ठेवून, हातभर-दोन हात अंतरावरून जरा सावकाश बोललं तर कळतं, आणि पाठीमागे गोंगाट असला तर मशीन लावूनही कळत नाही, कारण मशीन तोही मोठा करतं. म्हणून मोठ्या खोलीत सगळ्यांचा एकच गोल नको. खिडकीजवळच्या कोपऱ्यात चार-पाच खुर्च्या असतील, बाबांची पाठ भिंतीला, टीव्ही बंद, आणि लोक आळीपाळीने तिथे येऊन बसतील. तिथे येणाऱ्यांना मी सांगून ठेवीन. पण बाबा, मशीन कानात हवं, खिशात नाही. आल्या दिवशी एकदम दिवसभर लावलं तर डोकं दुखतं आणि मग ते डबीत जातं. तेव्हा आजपासूनच घरी रोज तास-दोन तास लावा. बॅटऱ्यांचं एक नवं पाकीट आणा. त्यांवरचं स्टिकर हवा अडवण्यासाठी असतं आणि बॅटरी हवेनेच सुरू होते, म्हणून ते काढल्यावर चार-पाच मिनिटं थांबून मग बॅटरी घाला, आणि आधीपासून काढून ठेवू नका. एकदा निघालं की ती न वापरताही उतरत जाते.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही यायचं ते काम करायला नाही, पण एक काम मात्र तुमच्याशिवाय कुणालाच जमणार नाही. ट्रंक. पलंगाखालची ट्रंक दादा गाडीतून आणेल. आई, त्यातला एकही फोटो टाकून देणार नाही, कुणाला वाटून देणार नाही, आणि सगळं जसं होतं तसं परत तुझ्या पलंगाखाली जाईल. मला फक्त चेहऱ्यांना नावं हवी आहेत. गच्चीवरच्या त्या फोटोत मागे उभ्या असलेल्या बायका कोण, हे आज तुम्ही दोघं आणि आत्या एवढेच सांगू शकता. आम्हा भावंडांना त्यातली अण्णांची काठी तेवढी ओळखू येते.

ट्रंक निघेपर्यंत एवढं सांभाळा. कृपा करून आवरायला बसू नका. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो नखाने किंवा सुरीने उचलू नका. त्या पानांवरचा डिंक वर्षांनी पिवळा पडून घट्ट होतो आणि ओढला की फोटोचा कागद पाठीमागून सोलवटतो. आम्ही इथे दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवून पाहू, आणि नाहीच निघाला तर पानासकट स्कॅन करू. काचेला चिकटलेला आजोबांचा फोटो तसाच फ्रेमसह पाठवा, काच काढली तर आजोबांचा चेहरा काचेवर राहील. एकमेकांना चिकटलेले फोटो वेगळे करू नका. बुरशीचे पांढरे ठिपके ओल्या फडक्याने पुसू नका, फोटोवरचा थर पाण्याने फुगतो आणि ठिपक्याबरोबर निघून येतो. ते फोटो कोरड्या कागदी पाकिटात वेगळे ठेवा म्हणजे बाकीच्यांना लागण नको. ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या मात्र आत्ताच काढा. त्यांची वाफ प्लास्टिकच्या पाकिटांना आणि निगेटिव्हना चांगली नाही.

आणि बाबा, फोटोच्या मागे बॉलपेनने नावं लिहायला घेऊ नका. तुमचं अक्षर दाबून असतं, ते पुढच्या बाजूने उमटतं, आणि शाई समोरच्या फोटोला लागते. जुन्या कागदी फोटोंवर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहिता येतं. नंतरच्या रंगीत फोटोंच्या पाठीला प्लास्टिकचा लेप असतो, तिथे पेन्सिल उठतच नाही, तर ती नावं आपण पाकिटावर लिहू. इथे मी प्रत्येक फोटोला आकडा देईन, तोच आकडा वहीत येईल आणि कॉम्प्युटरमधल्या फाइलला तोच असेल. नावं नेहमी बघणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे, पुढची रांग आधी. साल आठवत नसेल तर अंदाजाने एकच साल ठोकून द्यायचं नाही, "ताईच्या जन्माआधी", "जुन्या घरात असताना" एवढं पुरे. खोटं नेमकं साल एकदा वहीत गेलं की पुढच्या पिढीला ते खरंच वाटणार.

साधे फोटो मी ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करणार आहे. सहा बाय चार इंचांचा फोटो त्याने ३६०० बाय २४०० ठिपक्यांचा होतो, म्हणजे दुप्पट मोठा छापला तरी धूसर होत नाही. पासपोर्टएवढ्या छोट्या फोटोंना १२०० लागेल. फोटोची पाठही स्कॅन करायची, स्टुडिओचा शिक्का आणि आजीचं अक्षर तिथेच आहे. प्रत्येकाच्या तीन प्रती: एक माझ्याकडे, एक दादाकडे वेगळ्या डिस्कवर, एक इंटरनेटवर साठवलेली. फोनवरून एकमेकांना नुसते फोटो म्हणून पाठवले तर ते आकसतात, म्हणून फाइल म्हणून पाठवू. मूळ फोटोंसाठी पॉलिप्रॉपिलिनची पाकिटं आणली आहेत. ज्या प्लास्टिकला नव्या रेनकोटसारखा वास येतो ते पीव्हीसी, त्यातून निघणारं आम्ल फोटो खातं. ट्रंक परत आली की ती बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, पावसाळ्यात ओल तिथेच धरते.

कॅसेटी पिशवीत वेगळ्या आणा आणि त्या वाजवून बघू नका. वर्षानुवर्षं न हललेली फीत कडक बसलेली असते, एकदम वाजवली की ओढली जाते किंवा गुंडाळते. आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून सैल करायची, टेपचं डोकं अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायचं आणि मगच वाजवायचं. चुकून वरून रेकॉर्ड होऊ नये म्हणून कॅसेटीच्या मागच्या कडेवरच्या प्लास्टिकच्या दोन्ही छोट्या पट्ट्या मोडायच्या. त्या मी मोडीन, घाबरू नका, त्याने आवाज जात नाही. ९० मिनिटांच्या कॅसेटीची फीत ६० वालीपेक्षा पातळ असते, म्हणून नानांच्या आवाजाची ती एक सगळ्यांत शेवटी, हात बसल्यावर. एक कॅसेट उतरवायला ती जेवढी आहे तेवढाच वेळ लागतो, घाई चालत नाही. तासाभराचा आवाज न आकसता ठेवला तर साधारण ६३५ एमबी होतो, आजच्या डिस्कवर ते काहीच नाही.

फोटोंबरोबर तुमचा आवाजही हवा आहे. "आमच्यासारख्यांचं काय रेकॉर्ड करायचं" हे बाबा म्हणणार, म्हणून उत्तर आधीच देते. अमेरिकेतल्या रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली एक लेख लिहिला. तोवर म्हातारी माणसं जुनं जुनं बोलतात म्हणजे त्यांची बुद्धी मंदावली, असं डॉक्टरसुद्धा धरून चालत. बटलरने म्हटलं की उतारवयात मागचं आयुष्य पुन्हा पुन्हा पाहणं हे मनाचं स्वाभाविक काम आहे. तेव्हा बाबा, तीच गोष्ट परत सांगितल्याबद्दल इथे कुणी हसणार नाही. आणि साधारण दहा ते तिशीच्या मधल्या आठवणी माणसाला सर्वांत जास्त आणि स्पष्ट राहतात, हेही अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. कालचं नाव आठवत नाही आणि शाळेतल्या बाकाचं सगळं आठवतं, याची काळजी करू नका.

रोज सकाळी, नाश्ता झाल्यावर, पाऊण तास. संध्याकाळी नाही, तेव्हा सगळेच थकलेले असतात. फोन तुमच्यापासून हातभर अंतरावर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवू, टेबलावर नुसता ठेवला तर बोटांचा ठोका ढोलासारखा येतो. पंखा बंद, खोलीचं दार लावलेलं. विचारायचं कुणी, तर मुलांनी. नातवंडांना तुम्ही जे सांगाल ते आम्हाला सांगणार नाही. प्रश्न मी त्यांना शिकवून ठेवते आहे. "तुमच्या लहानपणाबद्दल सांगा" असं विचारलं की माणूस "होतं बरं" म्हणून थांबतो. त्याऐवजी, दारातून आत आल्यावर उजव्या हाताला काय होतं, रात्री कोण कुठे झोपायचं, पाणी कोण भरायचं, दिवा कोण लावायचं. आत्याला आणि बाबांना एकत्र बसवून जुन्या घराचा नकाशा काढायला लावणार आहे, कागद मोठा, पेन जाड. एकाला खिडकी आठवली की दुसऱ्याला खिडकीतलं माणूस आठवतं. त्यांचं एकमत झालं नाही तर दोघांचंही लिहून घ्यायचं, कोण बरोबर हे तिथे ठरवायचं नाही. आई, ही सूचना खास तुझ्यासाठी आहे. बाबा सांगत असताना मधेच "नाही हो, ते नंतरचं" म्हणायचं नाही. तुझी वेळ वेगळी ठेवली आहे, तेव्हा तू तुझं सांग.

आणि जे सांगायचं नाही ते सांगायचं नाही. काकूचं, किंवा त्या वर्षीचं, कुणी विचारणार नाही, आणि मुलांनी विचारलंच तर "ते राहू दे" म्हणालात की रेकॉर्डिंग थांबेल. सगळं झाल्यावर तुम्ही ऐकायचं आणि मगच बाकीच्यांना द्यायचं.

आक्का येणार आहे. तिला आता नावं राहत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे, पण मुलांना नाही, म्हणून त्यांना सांगितलं आहे: "मला ओळखलंस का?" असं तिला कुणीही विचारायचं नाही. ती ओळखत नसली तर तिला फक्त लाज वाटते. समोर जाऊन "आक्का, मी अमक्याची मुलगी" असं म्हणून जवळ बसायचं. तिने अण्णा कुठे आहेत विचारलं तर ते गेले हे पुन्हा पुन्हा सांगायचं नाही, तिला ते दर वेळी नव्याने कळतं. "अण्णा तुला काय म्हणून हाक मारायचे?" असं विचारलं की ती बोलू लागते. आई, तू तिच्याजवळ बसलीस की ती शांत असते, पण अर्ध्या तासाने तू उठायचंस आणि ताई बसेल. हा नियम आहे.

सगळ्यांचा एक फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी. आधी खुर्च्या मांडून मुलं उभी राहतील आणि वडीलधारी शेवटी येऊन बसतील, म्हणजे तुम्हाला ताटकळायला नको. फोटो झाल्याबरोबर त्याच जागी नावं लिहून घेणार.

प्रवासाचं नीट वाचा. दादा न्यायला येईल. दर दीड तासाने गाडी थांबेल हे त्याला बजावलं आहे, तेव्हा लघवीला लागेल म्हणून पाणी कमी प्यायचं कारण नाही. वयाने तहान लागणंच कमी होतं, म्हणून तहान नसली तरी थोडं थोडं प्या. बसल्या बसल्या घोटे फिरवा. औषधं मुक्कामापेक्षा तीन दिवसांची जास्त, पट्टीतच, सुटी डबीत नाहीत. ती हातातल्या पिशवीत हवीत, डिकीत नाहीत, तिथे उन्हाने तापतं. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी, असा कागद करा, एक बाबांच्या खिशात आणि एक आईच्या पर्समध्ये. प्रवासाच्या दिवशी लघवीची गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने टाळू नका. जुना चष्माही घ्या. चपला नेहमीच्या, नव्या कोऱ्या नकोत. आणि आई, आमच्यासाठी काही करून आणायचं नाही. बरं, अगदीच राहवलं नाही तर छोटा डबा, एकच.

बाबा, घर बंद करताना गॅस आणि पाण्याची मुख्य तोटी बघून घ्या. ट्रंकेची किल्ली देवाच्या कपाटात आहे असं आई म्हणते आणि तुम्ही म्हणता दिव्याच्या खणात. दोन्हीकडे आजच बघून ठेवा, सापडली नाही तर मला लगेच कळवा. कुलूप फोडायचं झालंच तर ते दादाने फोडायचं, तुम्ही हातोडी घेऊन खाली बसायचं नाही.

तुमची,
धाकटी